डाळीचा भाव कोण विचारतं? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

सोलापूरच्या पूर्व भागातल्या किराणा दुकानांवर मी जे लिहिलं, ते तुम्हाला गोडगोड वाटलं. "तुम्हाला पुडीचा दोरा दिसतो, तागडी दिसत नाही," असं तुम्ही सुरुवातीलाच सुनावलंत. मग तुमच्या तक्रारी: किलोभर शेंगदाणे घरी साठ ग्रॅम कमी भरले, गार बाटलीला छापील किमतीवर दोन रुपये जास्त लावले, सुट्ट्याऐवजी चॉकलेटं दिली. आणि शेवटी एका ओळीत, आईला चारचौघांत "मागचं कधी देणार?" असं विचारलं. आता तुम्ही सगळं सामान मार्टमधून आणता आणि तुमच्या मते ही दुकानं बंद पडली तरी कुणाचं काही अडणार नाही.

पहिल्या तीन तक्रारींवर वाद घालण्यासारखं काही नाही. छापील किंमत सगळे कर धरून असते आणि २०११ च्या पाकीटबंद मालाच्या नियमांप्रमाणे तिच्यावर एक रुपयाही जास्त घेता येत नाही. "फ्रिजचं लाइट बिल काय तुम्ही भरता का?" हे मीही ऐकलंय. दुकानदारानं आपला नफा, बिल, सगळं त्या आकड्याच्या आतच बसवायचं असतं. काट्याचं म्हणाल तर इलेक्ट्रॉनिक काटा दर वर्षी वैधमापन खात्याकडून तपासून घ्यावा लागतो आणि ते प्रमाणपत्र दुकानात दिसेल असं लावावं लागतं. बऱ्याचदा ते देवाच्या फोटोशेजारी उदबत्तीच्या धुरानं पिवळं पडलेलं असतं. त्यावरची तारीख तेवढी वाचा. पण काटा बरोबर असूनही माल कमी भरतो. शेंगदाणे घमेल्यात मोजले आणि काटा आधी शून्यावर आणला नाही, तर घमेल्याच्या वजनाचे पैसे आपण देतो. आकडा शून्य दिसेपर्यंत माल ओतू द्यायचा नाही, एवढं बघितलं तरी पुष्कळ. ऐकलं नाही तर १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे.

चॉकलेटांचा प्रश्न यूपीआयनं जवळपास मिटवलाय. सात रुपये झाले तर सातच द्या. फक्त तो स्पीकर "सात रुपये प्राप्त झाले" असं सगळ्या गल्लीला सांगतो, त्याला इलाज नाही.

आईबद्दलची ओळ मात्र मला सगळ्यात महत्त्वाची वाटली. मार्टमध्ये असं कुणी बोलत नाही हे खरंय. तिथं उधारच मिळत नाही, तर बोलणार कशाबद्दल?

आमच्या गल्लीतल्या दुकानात संध्याकाळी काय चालतं ते सांगते. वळलेल्या विड्या कारखान्यात देऊन आलेल्या मावशी येतात. पाव किलो तूरडाळ, घरून आणलेल्या बाटलीत वीसचं तेल, दहाची चहापूड, पाचचं जिरं. शेठजी पुडी बांधता बांधता मनातल्या मनात बेरीज करतात, एकीशी तेलुगूत बोलतात, मागं उभ्या असलेल्या अक्कलकोटच्या गिऱ्हाइकाला कानडीत "थांबा" म्हणतात आणि गल्ल्यावरच्या पोराला मराठीत सांगतात, "त्र्याहत्तर लिही." पस्तीस रुपये बाकीच्या जिन्नसांचे, मग डाळीचे अडतीस झाले. तो भाव कुणी बोललं नाही आणि मावशींनी विचारलाही नाही. त्यांच्यानंतर आलेला माणूस रोख देणार होता. त्यानं डाळ हातात घेतली, "काय भाव?" म्हणाला, तोंड वाकडं केलं आणि दुसऱ्या पोत्यातली दाखवायला लावली.

तागडी मला दिसते ती इथं. खातं ज्याचं, त्याला भाव विचारायचा संकोच वाटतो, खडे निघाले तर परत करायचा संकोच वाटतो, काट्याकडं तर तो बघतच नाही. तुमच्या आईनं शेंगदाणे परत का नेले नाहीत, हे एकदा त्यांना विचारून बघा.

पण म्हणून दुकान बंद पडलं तर? विडीची मजुरी दर हजार विड्यांमागे मिळते. पानं खराब निघाली की विड्या छाटल्या जातात आणि मजुरीही तेवढी कमी होते. यंत्रमागावर आठवड्याचा हिशोब. माग बंद तर आठवडा कोरा. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये कारखान्यांना कुलपं लागली तेव्हा आमच्या गल्लीतल्या चुली या उधारीच्या वहीवरच पेटल्या. पाच रुपयांचं जिरं कुठला मार्ट देणार? अर्ध्या किलोच्या खाली पाकीटच नाही अशी निम्मी फळी तिथं असते. आणि फळीवर एक किंमत, बिलात दुसरी, हा अनुभव मला तिथंही आलाय. तिथं भांडायला समोर माणूस सापडत नाही. जो सापडतो तो म्हणतो, "मॅडम, सिस्टीममध्ये असंच आहे."

तुमचा पगार महिन्याला येतो, सामान एकदम भरता येतं, तर खुशाल मार्टमध्ये जा. आईंचं खातं मात्र तसंच सोडू नका. आधी बाकी फेडून टाका. पुढं उधार लागलंच तर घरी एक वही ठेवा आणि दुकानातच लिहून घ्या. नुसता "त्र्याहत्तर" नाही, डाळ किती आणि कुठल्या भावानं तेही. आमच्या मावशींपैकी एकीकडं अशी वही आहे, मुलीच्या शाळेच्या वहीतली उरलेली पानं शिवलेली, वर तेलुगूत नाव. मागं एकदा बाकीवरून वाद झाला तेव्हा त्यांनी ती शेठजींच्या वहीशेजारी उघडून ठेवली. एक तेलाची ओळ दोनदा चढली होती. शेठजींनी काही न बोलता ती खोडली आणि पुडी बांधायला लागले. उधार त्या दिवशीही मिळालं.

दुकानाचं नाव लिहा म्हणालात, ते लिहिणार नाही. वहीतल्या बायकांना तिथं रोज जायचंय.

राहिला तुमचा प्रश्न, ज्वारी कुठून घेता हा. ती मी किराणा दुकानातून घेत नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये नवी मालदांडी ज्वारी आली की भुसार दुकानातून वर्षाची एकदम भरते. ज्वारीसाठी नावाजलेल्या मंगळवेढ्याची म्हणून सांगतील, भावही तसाच लावतील. दाणा टपोरा, मोत्यासारखा पांढरा आहे का आणि चावल्यावर कडक लागतो का बघा. दोन किलो दळून भाकरी करून पाहा आणि मगच पोतं उचला.