तो माळ्यावर का बसून राहतो?

पाणी चढतंय, बोट दाराशी आलीय, आणि घरातला एक जण नेमका मागे राहतो. "तुम्ही व्हा पुढे, मी बसतो माळ्यावर." कशासाठी? घर राखायला. आपण टीव्हीसमोर बसून म्हणतो, काय हट्टी माणूस आहे! पण मागच्या पुरात शेजारच्या रिकाम्या घरातून सिलिंडर आणि भांडीकुंडी गेलेली त्याने पाहिलेली असतात. पाण्यापेक्षा त्याला चोराची धास्ती जास्त.

आपत्तीतल्या चोरीला नेहमीपेक्षा जबर शिक्षा हवी, असं मी म्हणतो ते याच्यासाठी. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणाऱ्यांचा संताप तर येतोच, पण ती चोरी पुढच्या पुरात कुणाला तरी घरात अडकवून ठेवते. नुकसान फक्त सिलिंडरचं नसतं.

मात्र जबर शिक्षा कुणाला, हे नीट ठरवा. फुटलेल्या दुकानातून लेकरासाठी दुधाची पिशवी उचलणाऱ्या बाईला आणि ट्रक घेऊन वस्ती साफ करणाऱ्या टोळीला एकाच दावणीला बांधू नका.

आपल्या २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने काहीसं तेच केलंय. मदतीसाठी खोटा दावा करणारा, कलम ५२: कमाल दोन वर्षं. विश्वासाने हाती दिलेला मदतीचा पैसा, सामान हडपणारा, कलम ५३: कमाल दोन वर्षंच! साध्या चोरीलासुद्धा भारतीय न्याय संहितेत तीन वर्षांपर्यंत कैद आहे. (सरकारी नोकराच्या अपहाराला वेगळं कडक कलम आहे, मान्य. पण मग खास आपत्तीसाठी केलेला कायदाच एवढा मवाळ का?) अमेरिकेने कॅटरिना वादळानंतर, २००८ मध्ये, उलटं टोक गाठलं. आपत्तीच्या मदतीत फसवणूक केली तर ३० वर्षांपर्यंत तुरुंग. खोटा अर्ज भरणाराही त्यातच. हेही मला पटत नाही.

बनावट क्यूआर कोडवर मदत गोळा करणारे तर चिखलात पायही घालत नाहीत. मलाही असा एक कोड आला होता. फोटो पूरग्रस्तांचा, खातं कुणा भलत्याच माणसाचं. माझ्या ओळखीच्या चौघांनी तो पुढे ढकललेला. अशांना मी टोळीतच धरतो.

आणि नुसती कलमं वाढवून काय होणार? पावत्या वाहून गेल्या, साक्षीदार छावणीत, पोलीस बचावकार्यात. गुन्हा शाबीत कसा करायचा? आधी रिकाम्या वस्तीत रात्रीची गस्त ठेवा. आणि ती आहे, हे बोटीतून ओरडून त्या माळ्यावरच्या माणसाला सांगा.