कलाटणीचं श्रेय पात्राला द्या

दिवाळी अंक हातात आले की आपल्याकडे एक जुना वाद पुन्हा निघतो. एक बाजू म्हणते, शेवटच्या ओळीत धक्का देणारी कथा म्हणजे हातचलाखी. घटनेपेक्षा माणसाच्या मनाकडं बघणाऱ्या नवकथेनं १९४५ नंतर ती मोडीत काढली, आता तिचं काय घेऊन बसलात? दुसरी बाजू म्हणते, वाचकाला खिळवून ठेवणं जमत नाही म्हणून ही नाकं मुरडणं चाललंय. त्यात आपल्या मराठवाड्यात तिसरा पेच असतोच: लातूर पॅटर्नच्या मुलखात गोष्ट वाचायची, की तिच्यावरचं उत्तर पाठ करायचं? इंग्लंडात राहून हे सगळं वाचताना एक गोष्ट खटकते. भांडण सगळं शेवटाबद्दल चालतं, आणि शेवट घडतो तो आधीच्या पानांत, पात्राच्या स्वभावात. तिकडे कुणी फिरकतच नाही.

फ्रेंच लेखक मोपासाँची हाराची गोष्ट घ्या. १७ फेब्रुवारी १८८४ रोजी पॅरिसच्या 'ल गोल्वा' या दैनिकात ती छापून आली. सीबीएसईच्या दहावीच्या पूरक वाचनामुळे आपल्याकडच्या बऱ्याच लेकरांना ती ठाऊक आहे, म्हणजे निदान तिचा शेवट ठाऊक आहे: मैत्रिणीकडून उसना आणलेला हिऱ्यांचा हार हरवला, तसाच विकत घेऊन दिला, दहा वर्षं राबून कर्ज फेडलं आणि मग कळलं की मूळ हार खोटा होता. गाईडमध्ये याला 'अनपेक्षित शेवट' म्हणतात आणि खाली 'गर्वाचे घर खाली' चिकटवतात. लेकरू गुण घेऊन मोकळं होतं. कथा न वाचलेलीच राहते.

ती वाचायची तर आधी आकडे मांडा. समारंभाच्या पोशाखासाठी नायिका माटिल्डला नवरा ४०० फ्रँक देतो. ते त्यानं स्वतःच्या बंदुकीसाठी बाजूला ठेवलेले असतात. हार हरवल्यावर तसाच दुसरा ४०,००० ला सांगितला जातो आणि ३६,००० ला ठरतो. नवऱ्याकडे वडिलांचे १८,००० आहेत, उरलेले १८,००० उसनवारीनं आणि सावकाराच्या कागदावर सह्या करून. खोट्या हाराची किंमत शेवटच्या वाक्यात कळते, फार तर ५००. म्हणजे पोशाख आणि हार मिळून ती त्या रात्री अंगावर हजाराच्या आतला ऐवज घालून मिरवली. पोशाखाच्या किमतीत आणि हाराच्या किमतीत शंभराचाच काय तो फरक. हा हिशेब फळ्यावर मांडला की शेवटचा आकडा लेखकानं उगं टाकलेला नाही हे मुलांना आपसूक दिसतं.

आता सुगावे बघा. हार हरवल्यावर नवरा-बायको डबीवर नाव असलेल्या जवाहिऱ्याकडे जातात. तो वह्या चाळून सांगतो, हार मी विकलेला नाही, डबी तेवढी माझ्याकडची असेल. हिऱ्यांचा हार एकीकडचा आणि डबी दुसरीकडची? पहिल्या वाचनात इथं कुणी थांबत नाही, कारण आपणही त्या दोघांच्या घाईत असतो. त्याआधी, हार मागितला तेव्हा मैत्रीण क्षणभरही अडखळत नाही, लगेच 'हो'. आणि नंतर, नवा हार परत दिला तेव्हा ती 'लवकर आणायचा होतास' असं तुटक बोलते, पण डबी उघडून बघत नाही. खऱ्या हिऱ्यांचा हार कुठली बाई न बघता कपाटात ठेवील? लातूरच्या किंवा जालन्याच्या सराफ्यात आईबरोबर गेलेल्या पोरीला हे समजावावं लागत नाही. लग्नापुरता उसना दागिना, एक ग्रॅम सोनं, बेन्टेक्सच्या बांगड्या हा तिच्या घरचाच विषय. एवढं भांडवल हाताशी असताना आपण तिला तात्पर्य पाठ करायला लावतो.

पण सुगावे सापडले म्हणजे कथा कळली असंही नाही. तिचा खिळा एका पत्रात आहे. नवरा सांगतो, मैत्रिणीला लिही की हाराची कडी तुटली, दुरुस्तीला दिलाय. शोधायला तेवढीच सवड. हे लिहिलं त्या क्षणी शेवट ठरला. 'अगं, हरवला' एवढं बोलली असती तर 'जाऊ दे, खोटाच होता' असं उत्तर आलं असतं आणि दहा वर्षं वाचली असती. मग का नाही बोलली? पहिल्या पानावर परत जा. तिच्या घरात झाडलोट करायला कामवाली पोरगी आहे, नवऱ्याची शिक्षण खात्यात कारकुनी आहे, चूल रोज पेटते आहे. श्रीमंत बायकांत गरीब दिसण्याएवढी नामुष्की दुसरी नाही, असं ती स्वतःच बोलून दाखवते. चारचौघांत कमी दिसण्याची ज्या बाईला एवढी धास्ती, ती 'हरवला' कशी म्हणणार? (आणि खोटं पत्र सुचवणारा नवरा आहे. बंदूक सोडणारा, रात्र रात्र कागदांच्या नकला उतरवून देणारा हा माणूस. त्याच्या स्वभावावर कुणी प्रश्न विचारत नाही, याचं मला नेहमी नवल वाटतं.)

कलाटणी अस्सल की बनावट हे ओळखायला मी एकच कसोटी मानतो: पात्र बदलून बघा. माटिल्डच्या जागी सरळ कबूल करणारी बाई ठेवली तर ही कथा उभीच राहत नाही. कुणालाही ठेवलं तरी धक्का तसाच बसत असेल, तर ती हातचलाखी. तिथं टीकाकारांचं बरोबर आहे.

अमेरिकन लेखक ओ. हेन्रीची १९०५ची नाताळच्या भेटींची गोष्ट या कसोटीवर काठावर पास होते. नवरा जिमला भेट घ्यायला डेलाकडे १ डॉलर ८७ सेंट आहेत, केस विकून २० येतात, जिमच्या घड्याळाच्या साखळीला २१ जातात, उरतात ८७ सेंट. जिमचा पगार आठवड्याला ३० वरून २० वर आलेला, त्यातले ८ भाड्यात. म्हणजे साखळी आठवड्याच्या पगाराहून महाग. तिकडे तो घड्याळ विकून तिच्या केसांसाठी कंगवे आणतो. दोघांनी एकाच दिवशी हे करावं हा योगायोग ओढूनताणून आणलेला आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण लेखकानं काही लपवलेलं नाही. या घरात मिरवण्याजोग्या दोनच गोष्टी आहेत, तिचे केस आणि त्याचं घड्याळ, हे तो एकाच परिच्छेदात उघड सांगून टाकतो. आपण केसांच्या मागे जातो आणि घड्याळ विसरतो. चूक वाचकाची होते, त्यामुळे चीड येत नाही.

इंग्रजी लेखक साकीच्या उघड्या खिडकीच्या कथेत तर निवेदक एकदाही खोटं बोलत नाही. पंधरा वर्षांची व्हेरा आधी पाहुण्याला विचारते, इकडच्या कुणाला ओळखता का, आणि मग खात्री करून घेते की मावशीबद्दल त्याला काहीच माहीत नाही. नंतरच मावशीच्या घरच्यांच्या मृत्यूची खोटी गोष्ट रचते. ते दोन प्रश्न शिष्टाचार वाटतात, दुसऱ्या वाचनात त्यांचे दात दिसतात.

आता इंग्लंडातल्या शाळा. 'परदेशात बघा कसं विचार करायला शिकवतात' असं आपल्याकडे सर्रास म्हटलं जातं. अर्धं खरं आहे. सोळाव्या वर्षी होणाऱ्या जीसीएसई या शालान्त परीक्षेत एका मोठ्या परीक्षा मंडळाचा इंग्रजी भाषेचा पहिला पेपर पावणेदोन तासांचा, ८० गुणांचा असतो, आणि त्यात ८ गुणांचा एक प्रश्न फक्त रचनेवर असतो: लेखकानं नजर आधी कुठं वळवली, नंतर कुठं नेली, का नेली. मजकुरातले शब्द उचलून दाखवल्याशिवाय गुण नाहीत. ही शिस्त आपण डोळे झाकून उचलावी. पण येतो तो उतारा! कथेचा किंवा कादंबरीचा तुकडा. शेवटानं सुरुवातीचा अर्थ कसा फिरवला, हे उताऱ्यात दिसणार कसं? वर मुद्दा, पुरावा, स्पष्टीकरण या साच्यात उत्तर कोंबायची सवय इतकी मुरलेली की गाईडची आठवण व्हावी. साचा इंग्रजीत असला तरी साचाच.

आपल्याकडे उलटी गत आहे. बारावीच्या मराठी युवकभारतीत कथा हा स्वतंत्र साहित्यप्रकार म्हणून आहे, पूर्ण कथा आहेत, व. पु. काळे यांची 'शोध' तर एका रुपयाच्या नोटेमागे धावते. म्हणजे साहित्य पूर्ण हातात, पण उत्तर 'प्रेमळ, कष्टाळू, स्वाभिमानी' या विशेषणांवर थांबतं. ही विशेषणं कुठल्याही कथेतल्या कुठल्याही पात्राला चालतात, आणि तिथंच सगळं फसतं. स्वभावचित्रणात विशेषणाऐवजी निर्णय लिहायला लावा: या पात्रापुढं कोणते दोन रस्ते होते, त्यानं कोणता धरला, कोणत्या वाक्यात.

अंबाजोगाईच्या किंवा हिंगोलीच्या साठ लेकरांच्या वर्गात हे दोन तासिकांत बसतं. पहिल्या तासिकेत शिक्षकानं कथा मोठ्यानं वाचावी आणि शेवटाच्या आधी थांबावं. हाराच्या गोष्टीत माटिल्डला बागेच्या रस्त्यावर मैत्रीण दिसते तिथं. पुढं काय होईल ते प्रत्येकानं दोन ओळींत लिहायचं, सोबत मजकुरातला एक पुरावा. मग शेवट वाचायचा आणि पुस्तकं मिटायची. चर्चा त्या दिवशी नको, कारण धक्क्याच्या भरात सगळे 'बिचारी' एवढंच म्हणतात. दुसऱ्या तासिकेत पेन्सिल घेऊन उलट वाचन: पात्र बोललं तिथं सरळ रेघ, पात्रानं केलं तिथं नागमोडी. दोन रेघा जिथं जुळत नाहीत तिथं बहुधा कथेचा खिळा असतो. हे करताना एक धोका सांभाळा. पोरांना सुगावे शोधायची चटक लागते आणि कथा पोलीस तपास होऊन बसते. प्रत्येक पडदा, प्रत्येक खुर्ची त्यांना संशयास्पद वाटते. सुगावा सापडला की लगेच विचारा, हा पात्रालाही दिसत होता ना, मग त्यानं का नाही बघितला? आणि मजकूर पूर्ण हवा. संक्षिप्त आवृत्तीत कात्री लागते ती डबीवाल्या वाक्यासारख्या 'बिनकामाच्या' वाक्यांना.

धक्क्याच्या विरोधात असलेल्यांनी भास्कर चंदनशिव यांची 'लाल चिखल' याच पद्धतीनं वाचून बघावी. नावातच शेवट सांगितलेला आहे. बाजारात टोमॅटोचा भाव पडत जातो, आणि बाप शेवटी पिकवलेला माल स्वतःच्या पायांनी तुडवतो. काहीच लपवलेलं नाही, तरी तो क्षण अंगावर येतो, कारण त्या बापाला आपण बाजारात भावासाठी झगडताना पाहिलेलं असतं. प्रेमचंदांच्या 'ईदगाह'मध्ये छोटा हमीद जत्रेत खाऊ सोडून तीन पैशांत आजीसाठी चिमटा घेतो. भाकरी भाजताना आजीचे हात पोळतात हे दुकानापुढंच सांगून झालेलं असतं, तरी आजीचा राग विरघळतो तेव्हा आपण सावध नसतो. मग कलाटणीची कथा जुनी आणि नवकथा नवी ही वाटणी कशासाठी? दोन्हीकडे वाचकाला गाठतं ते पात्रच. एकीकडे त्याचा निर्णय उशिरा कळतो, दुसरीकडे तो डोळ्यांदेखत होतो.

आपल्याकडच्या परीक्षा मंडळानं 'शेवट अनपेक्षित आहे, सोदाहरण स्पष्ट करा' हा प्रश्न पाच वर्षं बंद ठेवावा. त्याजागी विचारावं: कडी तुटल्याचं पत्र लिहिलं नसतं तर पुढं काय घडलं असतं, आणि या दोघांना ते न लिहिणं जमलं असतं का? शंभर शब्द, मजकुरातले दोन पुरावे. गाईडवाले वर्षभरात याचंही तयार उत्तर छापतील, तेव्हा पुढच्या वर्षी प्रश्न नवऱ्याच्या बंदुकीवर काढावा.