शांततेवर व्याख्यान, आभाराला मी

सभेत सगळ्यांना डुलकी काढता येते, आभार मानणाऱ्याला येत नाही. क्लबाच्या अध्यक्षांनी फोनवर हे सांगितलं नाही. ते म्हणाले, "तुम्ही शेवटी दोन मिनिटं बोला की ओ, बाकीचं आम्ही बघतो." पाहुणे पुण्याहून येणार, विषय 'संघर्षाकडून शांततेकडे', जागा टिळकवाडीतला हॉल, वेळ साडेसात, नंतर जेवण. आमच्या सेवा क्लबाची हजेरी विषयावर कधीच ठरत नाही, ती या शेवटच्या दोन शब्दांवर ठरते.

बेळगावात आभार मानायचे म्हणजे पहिला पेच भाषेचा. मराठीत सुरुवात केली तर हॉलचा एक कोपरा छताकडे बघू लागतो, कन्नडमध्ये केली तर दुसरा. म्हणून आम्ही इंग्रजीत बोलतो. ती इथे कुणाच्याच घरची नसल्याने सगळे सारखेच अडखळतात आणि कुणाला वाईट वाटत नाही. मी तीन भाषांत तीन चिठ्ठ्या लिहून तीन वेगवेगळ्या खिशांत ठेवल्या होत्या.

घंटा झाली. प्रार्थना, मागच्या सभेचं इतिवृत्त, सभासदांचे वाढदिवस, मग त्यांच्या लग्नांचे वाढदिवस, प्रत्येकाला एक गुलाब. बॅज न लावणाऱ्यांना दंड. तो वसूल करणाऱ्यानेच बॅज लावला नव्हता, हे कुणीतरी दाखवून दिलं आणि शांततेच्या सभेतला पहिला वाद तिथेच पेटला. मग पाहुण्यांचा परिचय. परिचय करून देणाऱ्यांनी पाहुण्यांना जन्मापासून धरलं आणि ते पदवीधर होईपर्यंत आठ वाजून गेले. व्यासपीठामागच्या दारापलीकडे आचाऱ्याने पुऱ्या तळायला घेतल्या होत्या. त्या वासात माणसाने शांततेवर एकाग्र कसं व्हायचं?

पाहुणे मात्र चांगले बोलत होते. 1978 सालचं कॅम्प डेव्हिड त्यांनी डोळ्यांपुढे उभं केलं. इजिप्तचे सादात आणि इस्रायलचे बेगिन यांना अमेरिकेच्या कार्टरनी 13 दिवस डोंगरातल्या लाकडी घरांत ठेवून घेतलं. सुरुवातीच्या भेटींत दोघांचं इतकं बिनसलं की नंतर कार्टरच कराराचा मसुदा घेऊन या घरातून त्या घरात फिरत राहिले. आमच्या खजिनदारांनी हात वर केला. मला वाटलं, मसुद्याबद्दल काहीतरी. ते म्हणाले, "13 दिवस जेवणाचं कुणाकडे होतं, सर?"

हसू ओसरल्यावर पाहुण्यांनी उपरणं सावरलं आणि अत्यंत निरागसपणे विचारलं, "आता तुमच्याच भागातला एखादा जुना, न मिटलेला वाद सांगा बघू. आपण तो इथेच सोडवून बघू."

हॉलमधला पंखा अचानक मोठ्याने ऐकू यायला लागला.

ज्या गावात 1 नोव्हेंबरला एका रस्त्यावर राज्योत्सवाची मिरवणूक निघते आणि दुसऱ्यावर काळ्या दिनाची फेरी, त्या गावात हा प्रश्न विचारायला माणूस पुण्याचाच लागतो. 1956 साली सुरू झालेलं ते महाराष्ट्र-कर्नाटक सीमेचं प्रकरण 1967 च्या महाजन अहवालाने मिटलं नाही, 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. त्याला त्या रात्री हात लावला असता तर पुऱ्या आमच्या नातवंडांनी खाल्ल्या असत्या. बैलहोंगलकडचे डॉक्टर आणि खानापूरचे वकील यांनी एकमेकांकडे एकदा पाहिलं. मग डॉक्टर गंभीरपणे म्हणाले, "पार्किंग."

"हां, पार्किंग!" सगळा हॉल एका सुरात. मराठी, कन्नड, कोंकणी, मारवाडी, इतकं एकमत मी त्या क्लबात कधी पाहिलं नव्हतं.

पाहुणे खूष झाले. त्यांनी डॉक्टरांना आणि कापडवाल्या काकांना समोरासमोर उभं केलं आणि खोटं भांडा म्हणून सांगितलं. आता हे दोघे खडेबाजाराच्या बाजूला खरोखरचे शेजारी, हे पाहुण्यांना कोण सांगणार? काकांची मातृभाषा मराठी, पण डॉक्टरांना नीट लागावं म्हणून ते कन्नडमध्ये कडाडले, "एन्री, रस्ता निम्मप्पंदेनु?" डॉक्टरांचं घरचं बोलणं कन्नड, पण त्यांनी अस्सल मराठीत उलटवलं, "बापाचा नाही, पण दवाखान्याचं दार तरी माझं आहे की ओ! पेशंट काय तुमच्या साड्यांवरून उड्या मारत येणार?" आमच्याकडे खरं भांडण हे असं समोरच्याच्या भाषेत होतं. स्वतःच्या भाषेत भांडून त्याला कळलंच नाही तर एवढा घसा कशाला खर्चायचा? पाहुण्यांना दोन्ही बाजूंचं निम्मंनिम्मंच समजलं. मध्यस्थाला तेवढं पुरत असावं.

शेवटी निवृत्त हेडमास्तर उठले. ते उठले की 1924 येतं. गांधीजी काँग्रेसचे अध्यक्ष झाले ते एकदाच, बेळगावला, याच टिळकवाडीत. इंग्रजांच्या कौन्सिलात, म्हणजे कायदेमंडळात, जावं म्हणणारे आणि जाऊ नये म्हणणारे असे दोन तट, त्यांना त्यांनी इथे एकत्र ठेवलं आणि सभासदाने वर्गणी म्हणून दरमहा 2000 वार सूत द्यायचं ठरलं. "भांडायला वेळच उरला नाही पाहिजे, गा!" हेडमास्तर म्हणाले. खजिनदार पुटपुटले, "इथे रुपयांतली वर्गणी येईना, सूत कुठलं येतंय."

माझं नाव पुकारलं तेव्हा मी घाईत चुकीच्या खिशात हात घातला आणि वाण्याच्या सामानाची यादी बाहेर आली. पण कुणाला काय त्याचं! दाराची एक फळी आचाऱ्याने उघडून ठेवली होती आणि अख्ख्या हॉलची नजर तिकडे होती. मी तिन्ही भाषांत एकेक वाक्य बोललो. टाळ्या पडल्या त्या मी संपवल्याबद्दल. राष्ट्रगीत झालं, घंटा वाजली.

पंगतीत पाहुणे डॉक्टर आणि काकांच्या मधे बसले. दोघे एव्हाना मुलाच्या लग्नाच्या हॉलचं भाडं विचारत होते. पाहुण्यांनी पुरीचा तुकडा मोडता मोडता हळूच विचारलं, "खरं सांगा, या भागात पार्किंगखेरीज दुसरा काही वाद नाही?"

"कुंदा घ्या की सर," दोघे एकदमच म्हणाले आणि दोन्ही बाजूंनी वाढला.