म्हणे ‘प्रियकराचा खून’!

पुतणीने काल रात्री एक फॉरवर्ड पाठवलं. ‘काका, हे उद्या प्रेझेंटेशनमध्ये घालते.’ दिग्दर्शक हिचकॉकच्या ‘ब्लॅकमेल’ या सिनेमाबद्दल (1929) चार ‘थक्क करणाऱ्या गोष्टी’. थक्क मीही झालो.

पहिली : ‘नायिका प्रियकराचा खून करते आणि सुटते. तीच गेली होती ना त्याच्या घरी?’ लिहिणाऱ्याने सिनेमा पाहिलाय की नुसतं पोस्टर? नायिका ॲलिसचा प्रियकर फ्रँक. तो स्कॉटलंड यार्डात, म्हणजे लंडन पोलिसांत, डिटेक्टिव्ह, आणि शेवटपर्यंत ठणठणीत. मरतो तो क्रू नावाचा चित्रकार. ती त्याचा स्टुडिओ बघायला वर जाते, आणि तो तिला, ती नको नको म्हणत असताना, पडद्याआड पलंगावर ओढतो. नुसता पडदा हलताना दिसतो. मग तिचा एक हात बाहेर येतो, चाचपडतो, आणि टेबलावरची पाव कापायची सुरी हाताला लागते. याला प्रियकराचा खून म्हणायचं? सकाळी ॲलिसच्या वडिलांच्या दुकानात एक चोंबडी शेजारीण या खुनावर तोंडसुख घेते. तिला विटेने डोकं फोडलेलं चालतं, सुरी तेवढी नको! तिची बडबड अस्पष्ट होत जाते, ‘नाइफ’ एवढाच शब्द टोचत राहतो, आणि पाव कापणाऱ्या ॲलिसच्या हातून सुरी उडते.

शिक्षा होत नाही, हे मान्य. ती कबुली द्यायला यार्डात जाते, तर ऐन वेळी फोन वाजतो आणि फ्रँक तिला बाहेर नेतो. निघताना क्रूच्या खोलीतलं हसणाऱ्या विदूषकाचं चित्र तिच्यासमोरून जातं. याला सुटणं म्हणत असाल तर म्हणा.

दुसरी : ‘नायिकेचा आवाज नंतर डब केला.’ नंतर नाही हो! ॲलिस झालेल्या अ‍ॅनी ओंड्राचे उच्चार परदेशी, भूमिका लंडनच्या दुकानदाराच्या मुलीची. हिचकॉकनेच फ्रेंच दिग्दर्शक त्रुफोला मुलाखतीत सांगितलंय : जोन बॅरी ही इंग्लिश नटी कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर माइकपाशी संवाद म्हणायची आणि ओंड्रा त्याच वेळी ओठ हलवायची. म्हणजे दोघी एकाच वेळी सेटवर.

तिसरी, ‘ब्रिटनचा पहिला बोलपट’. बरं, अर्धं खरं. जाहिरात तशीच झाली होती. पण सुरुवात मूकपट म्हणून झाली, आणि मूक आवृत्तीही वेगळी प्रदर्शित झाली, कारण कित्येक थिएटरांत ध्वनीची यंत्रणाच नव्हती.

चौथी, ‘नाटक जसंच्या तसं उतरवलं’. चार्ल्स बेनेटचं नाटक होतं, बरोबर. पण ब्रिटिश म्युझियमच्या घुमटावरचा पाठलाग रंगमंचावर कसा करणार? तो म्युझियममध्येही पुरता चित्रित झालेला नाही. आत उजेड कमी, म्हणून फोटो आणि आरसे वापरून बरंचसं काम भागवलं.

हे सगळं टाइप करून पाठवलं. उत्तर आलं : ‘पहिली स्लाइड बदलते. बाकी राहू दे काका, एक वाजलाय.’