रविवारची रांग आणि दहावीचं हृदय

परवा रविवारी वर्तकनगरला मटणाच्या रांगेत उभी होते. नंबर आल्यावर म्हटलं, "चाचा, पाच दिल द्या. चिरू नका आणि वरची नळी तशीच राहू दे." सवयीने चाचांनी पहिली दोन चिरलीच. ती दोनच पुढे जास्त कामाला आली.

शिकवणीला येणाऱ्या माझ्या मुलांना हृदयाची आकृती झोपेतून उठवलं तरी काढता येते. बाण, नावं, लाल-निळे रंग, सगळं चोख. पण डावं निलय, म्हणजे हृदयाचा डावीकडचा खालचा कप्पा, कागदावर उजवीकडे का, असं विचारलं की उत्तर येतं, "तसंच असतं मॅडम."

हातमोजे दिले, वर्तमानपत्र पसरलं. अंगठ्याने दाबा आणि डावी बाजू ओळखा, एवढंच सांगितलं. एक बाजू पिचकत होती, दुसरी दबायलाच तयार नव्हती. चिरलेल्या हृदयात भिंतींची जाडी शेजारी-शेजारीच दिसली. मागच्या बाकावरचा, एरवी तोंड न उघडणारा पोरगा म्हणाला, "जाड ती डावी. हिला पायापर्यंत रक्त फेकायचंय, दुसरीला फक्त बाजूच्या फुप्फुसात." हे वाक्य मी त्यांना निदान चारदा लिहून दिलेलं आहे!

मग महाधमनीत, म्हणजे त्या वरच्या नळीत, वरून पाणी ओतलं. थोडं झिरपलं, पण बाकीचं झडपेने अडवून धरलं. सगळे खाली वाकून बघतायत. तेवढ्यात एकीने विचारलं, "निळं रक्त कुठंय?" निळं नसतंच गं, ऑक्सिजन कमी असला की नुसतं गडद लाल. पण दोष तिचा नाही. इतकी वर्षं निळा स्केचपेन आम्हीच हातात दिला.

दोन मुलींच्या घरी मांसाहार चालत नाही. त्यांना बाल्कनीतली जास्वंद आणि ब्लेड दिलं. अंडाशय आडवा कापून त्यांनी पाच कप्पे मोजले आणि अर्ध्या तासाने हृदयवाल्यांनाच ते शिकवायला बसल्या. जबरदस्ती नकोच. आमच्या वेळी बारावीला बेडूक फाडावा लागायचा, ते बंद झालं ते बरंच झालं. खायला कापलेल्या बोकडाचं हृदय आणि शिकण्यासाठी मारलेला बेडूक यात मला फरक वाटतो. तुम्हाला नसेल वाटत, तर भांडू या.

संध्याकाळी एका पालकांचा मेसेज: "मॅडम, पोर्शन कुठवर आला?" त्यांची चूक नाही. विज्ञान भाग २ चे लेखी ४० गुण, आणि प्रात्यक्षिकाची वही आधीच्या बॅचची बघून उतरवली तरी चालते, हे सगळ्यांनाच ठाऊक आहे. त्या वहीत एकही प्रयोग कधी फसत नाही. माझ्या पाच हृदयांपैकी एकाची नळी अगदी मुळापासून छाटलेली निघाली, त्यात पाणी थांबेचना. का थांबत नाही, यावर वीस मिनिटं वाद झाला. माझ्या लेखी तो त्या दिवसाचा सगळ्यात चांगला तास.

आता पुढच्या रविवारी श्वासनलिकेसकट अख्खी फुप्फुसं हवीत. सायकलच्या पंपाने हवा भरून बघायची आहे. ठाण्यात न कापता देणारं दुकान माहीत असेल तर इनबॉक्स करा. पंप आहे माझ्याकडे.