कपाटावर स्पिरिटचा बोळा फिरवू नका

चिनी धाटणीच्या जुन्या इंग्लिश फर्निचरबद्दलचा तो फॉरवर्ड आता आमच्या आत्यापर्यंत पोचला. ती इंग्लंडला असते, घरात सोनेरी पॅगोडे रंगवलेलं एक जुनं काळं कपाट आहे, आणि काल तिने फोन करून विचारलं, "स्पिरिट फिरवून बघू का रे?" म्हणून हे लिहितोय.

मेसेजमधला सल्ला असा: कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून कोपऱ्यावर घासा, रंग उतरला तर माल नकली.

कृपा करून असलं काही करू नका. चीन-जपानचं अस्सल लॅकर, म्हणजे लाकडावरचा तो चकचकीत लेप, हा तिथल्या झाडाचा चीक. तो एकदा कडक झाला की स्पिरिटला सहसा दाद देत नाही, एवढं खरं. पण लांबच्या समुद्रप्रवासात तो चीक टिकत नसे. मग इंग्लिश कारागिरांनी वापरली लाख, आपल्या हिंदुस्थानातून जाणारी. १६८८ साली ऑक्सफर्डमध्ये छापलेल्या स्टॉकर आणि पार्कर यांच्या पुस्तकात सगळी कृती आहे: लाख स्पिरिटमध्ये विरघळवा, गाळा, हातावर हात द्या, घासून चकाकी आणा, डोंगर-माणसं उठावदार हवी असतील तर गोंदात कालवलेला लगदा चढवा, वर सोनेरी पूड. जे स्पिरिटमध्ये विरघळवूनच लावलंय ते स्पिरिटने निघणारच! त्यातून नकलीपणा कसा सिद्ध होतो? दोन-अडीचशे वर्षांचं मूळ काम मात्र पुसलं जातं, आणि ते परत आणता येत नाही.

"हे सगळं चीनमध्येच बनलं" हे मेसेजमधलं वाक्यही चूक. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधला बॅडमिंटन हाउसचा पलंग पाहा. पॅगोड्यासारखं छत, कोपऱ्यांवर ड्रॅगन, डोक्याशी जाळीकाम, आणि बनला १७५४च्या सुमारास लंडनच्या लिनेल यांच्या कारखान्यात. काही कपाटांना चीन-जपानहून आलेले पडदे आणि पेट्या कापून त्यांच्या फळ्या बसवल्या गेल्या, हे मान्य करावं लागेल. पण सांगाडा इंग्लिशच.

राहिला फर्निचर बनवणारा चिपेंडेल, ज्याने मेसेजनुसार म्हणे चीनला जाऊन कला चोरली. तो यॉर्कशरमधल्या ओटलीचा, दुकान लंडनमध्ये. चीनमधल्या कॅन्टनला जाऊन आला होता तो वास्तुकार विल्यम चेंबर्स, आणि त्याचं चिनी इमारती व फर्निचरवरचं पुस्तक निघालं १७५७ साली. चिपेंडेलच्या चिनी खुर्च्यांचे नमुने १७५४ मध्येच छापून झाले होते.