पेन ड्राइव्ह डबीत ठेवला म्हणजे आठवण जपली असे होत नाही

माझ्या धाकट्या बहिणीचे लग्न 2016 साली झाले. फोटोग्राफरने अल्बमसोबत मखमली अस्तराच्या लाकडी डबीत एक पेन ड्राइव्ह दिला होता आणि आईने ती डबी दागिन्यांशेजारी लोखंडी कपाटात ठेवून दिली होती. गेल्या महिन्यात भाचीला लग्न दाखवावे म्हणून तो लॅपटॉपला लावला, तेव्हा दिवा लागला, फोल्डरही उघडले. पण कित्येक फोटो अर्ध्यापासून खाली राखाडी झालेले होते आणि आजीने स्वतः म्हटलेल्या मंगलाष्टकांचा व्हिडिओ चाळीस सेकंदांनी थांबत होता. आजी आता नाही.

“त्याला तर कोणी हातही लावला नव्हता, मग तो बिघडेल कसा?” हा आईचा प्रश्न अगदी रास्त आहे, आणि याच समजुतीपायी घरोघरी नुकसान होते आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. पेन ड्राइव्हमधली माहिती दगडावर कोरलेली नसते. सूक्ष्म कप्प्यांमध्ये, विद्युतरोधक थराच्या आड कोंडून ठेवलेल्या इलेक्ट्रॉनांच्या रूपात ती असते, आणि वीज मिळो न मिळो, ते इलेक्ट्रॉन वर्षानुवर्षे थोडेथोडे झिरपत राहतात. उन्हाळ्यात तापणाऱ्या खोलीत तर हे झिरपणे आणखी वेगाने होते.

2000 साली बाजारात आलेल्या सुरुवातीच्या ड्राइव्हमध्ये जेमतेम 8 एमबी मावत. आज नखाएवढ्या चिपमध्ये 128 जीबी मावतात, कारण टीएलसी प्रकारच्या चिपमध्ये एकाच कप्प्यात तीन बिट (शून्य किंवा एक अशा तीन खुणा), म्हणजे विद्युतभाराच्या आठ वेगवेगळ्या पातळ्या ओळखाव्या लागतात. पातळ्या जितक्या जवळजवळ, तितकी थोड्याशा गळतीनेही गफलत होते. एका कप्प्यात एकच बिट ठेवणारी जुनी एसएलसी चिप सुमारे एक लाख वेळा पुसून लिहिता येत असे. टीएलसीची मजल साधारण हजाराच्या घरातली. अर्थात लग्नाचा ड्राइव्ह लिहून लिहून झिजत नाही, तो पडून पडून जातो, आणि तो नुसता लावून पाहिल्याने कप्पे पुन्हा भरले जातील याची खात्री नसते. त्यासाठी सगळे दुसरीकडे उतरवून नव्याने लिहावे लागते.

कधी चिप शाबूत असते आणि तिच्यातले लिहिणे-वाचणे सांभाळणारा कंट्रोलर जातो, किंवा धक्का लागून जोडाचे डाख निखळते. डाख पुन्हा देता येते. पण हल्लीच्या अनेक छोट्या ड्राइव्हमध्ये चिप आणि कंट्रोलर एकाच तुकड्यात बंद असल्यामुळे त्यातला डेटा परत मिळवणे फार अवघड आणि खर्चिक ठरते.

म्हणून फोटोग्राफर मंडळींना माझी कळकळीची विनंती आहे की, ती सुंदर डबी देताना “महिनाभरात याच्या दोन प्रती करा” एवढे एक वाक्य घरच्यांना आवर्जून सांगावे. आम्हाला कोणी सांगितले नाही, आणि आम्ही विचारायला गेलो तोवर त्यांच्याकडची मूळ प्रत केव्हाच पुसली गेली होती.

आजीच्या आवाजाचे ते चाळीस सेकंद आता माझ्या कॉम्प्युटरवर, एका हार्ड डिस्कवर आणि बहिणीच्या घरी, असे तीन ठिकाणी ठेवले आहेत.